वसई : किल्ला पाहिलात, आता बंदरही पाहा

लिंबायतच्या आपल्या घरांत समुद्र म्हणजे रविवारचा डुमस, काळी वाळू आणि टमाट्याची भजी. आपण बहुतेक खानदेशातले, कोळ्यांचं गाव मुलांनी कुठे पाहिलेलं असणार! म्हणून डिसेंबरात आम्ही वसईला गेलो. सुरतहून गाडीने वसई रोड, पश्चिमेला उतरून रिक्षा. पहाटे निघालं तर रात्री घरी येता येतं.

वसईची गोष्ट गुजरातशी बांधलेली आहे. हुमायून मागे लागला, तेव्हा सुलतान बहादूरशाहाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांना देऊन टाकली. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली. नाशिकला पंचवटीत नारोशंकराच्या देवळावरची मोठी घंटा तुम्ही पाहिली असेल, ती या विजयाची खूण. १७८० मध्ये वसई इंग्रजांकडे गेली, आणि ती घेणारा जनरल गॉडार्ड फौज घेऊन निघाला होता आपल्या सुरतेतूनच. धाकट्याला हे फारच आवडलं.

किल्ल्यात पडक्या चर्चच्या भिंतींवर झाडं उगवली आहेत. लोक फोटो काढतात आणि परत फिरतात. माझ्या मते खरी वसई समुद्राकडच्या दरवाज्याबाहेर सुरू होते. पाचूबंदरच्या कोळीवाड्यात बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत होते, दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून. मुलांनी आधी नाकं धरली, मग मोजायला लागली.

इथले बरेच कोळी ख्रिस्ती आहेत, पण बोली आपलीच वाटते. जाळी विणत बसलेल्या एका काकांनी डोल जाळं समजावलं. तोंडाशी रुंद, शेवटाला निमुळती अशी ही लांब पिशवी. ती समुद्रात पक्की बांधून ठेवायची. भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी आपोआप आत शिरते. म्हणजे कामाची वेळ घड्याळ नाही, चंद्र ठरवतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, मग नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा दर्यावर.

मुलं मासेमारीत येतील का, असं विचारलं तर काका हसले. मोठा नोकरीला आहे म्हणाले. मग वाढवणचं नाव निघालं. त्याच जिल्ह्यात, डहाणूजवळ होणाऱ्या या महाबंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा त्याला विरोध आहे, कारण ज्या पाण्यात जाळी लागतात तिथेच भराव पडणार. रोजगार येईल हेही लोक सांगतात. पण डोल जाळं लावणाऱ्याला त्याची जागा बदलून देता येत नाही, एवढं त्या दुपारी मला कळलं.

आमची आजी धुळ्याच्या आठवडेबाजारातून सुके बोंबील आणायची आणि भाकरीबरोबर ठेचा करून वाढायची. ते येतात कुठून, हे तिने कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. एका मावशींकडून किलोभर घेतले. तीन पिशव्यांत बांधले तरी परतीच्या डब्यात सगळ्यांना कळलंच.