शर्यतीचा हिशेब वेबसाइटवर



आज आपण मोटारींच्या शर्यतींबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, शर्यती बघतात घरातली पोरं, आपला काय संबंध? तर पुण्याच्या डायना पुंडोले यांनी २०२४ साली राष्ट्रीय मोटार शर्यतीच्या एका गटात विजेतेपद मिळवलं. म्हणजे हा खेळ फक्त पोरांचा राहिलेला नाही. दुसरं म्हणजे, शर्यत रस्त्यावर होते तितकीच कागदावरही होते. आणि कागदावरचा हिशेब आपल्याला नवा नाही.

शर्यतीच्या आकड्यांची वेबसाइट आता कॉम्प्युटरची भाषा न शिकता बनवता येते. याला नो-कोड म्हणतात. तयार साचे असतात, आपण माहिती भरायची आणि बोटाने मांडणी करायची. गुगल शीट्समध्ये तक्ता करायचा आणि गुगल साइट्समध्ये पान. दोन्हीला गुगलचं खातं पुरतं, पैसे लागत नाहीत.

पण सुरुवात रंगापासून करू नका, प्रश्नापासून करा. २०२२ सालची हंगेरीची फॉर्म्युला वन शर्यत घेऊ. ७० फेऱ्या, २० गाड्या, म्हणजे हजाराहून जास्त वेळांची नोंद. त्या दिवशी हवा गार होती. रेड बुल संघाच्या डावपेचांचं काम हॅना श्मिट्झ या इंजिनिअर बाई बघत होत्या. संघाने शर्यत सुरू होण्याआधी कडक टायरचा बेत बदलून मऊ टायर घातले. त्यांचा मॅक्स व्हर्स्टापन दहाव्या जागेवरून निघाला आणि जिंकला. उलट फेरारीने पुढे असलेल्या शार्ल लक्लेरला ३९व्या फेरीत कडक टायर दिले. ते गार हवेत तापलेच नाहीत, आणि तो सहावा आला. त्याच्या आधी कडक टायर घातलेल्या गाड्याही मंदच पळत होत्या. मग आपल्या वेबसाइटचा प्रश्न ठरला: कोणत्या टायरवर गाडी किती वेगाने पळाली? एका पानाला असा एकच प्रश्न पुरे.

आता तक्ता. रकाने सहा: शर्यत, चालक, फेरी, वेळ, टायर, शेरा. नियम एकच, एका ओळीत एकच फेरी. बचत गटाच्या वहीत एका ओळीवर दोघींचे हप्ते लिहिले तर महिन्याअखेर काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. मोटार शर्यतींची जागतिक संस्था, फिया, फॉर्म्युला वनच्या शर्यतीनंतर प्रत्येक फेरीच्या वेळेचे कागद जाहीर करते. तिथून आकडे घ्यायचे.

वेळ लिहिताना जपायचं. १ मिनिट २१.०७२ सेकंद असं लिहिलं तर शीट त्याला अक्षरं समजते, बेरीज करत नाही. त्याचे सगळे सेकंद करा: ८१.०७२. हजारावा भागही सोडू नका. १९९७ साली स्पेनमधल्या हेरेथला शर्यतीच्या आधीच्या चाचणीत जॅक व्हिलनव, मायकल शूमाकर आणि हाइन्झ-हॅराल्ड फ्रेंटझन या तिघांचीही वेळ नेमकी हीच आली, हजाराव्या भागापर्यंत सारखी! मग पहिली जागा कोणाला? ज्याने ती वेळ आधी नोंदवली त्याला, म्हणजे व्हिलनवला. तक्त्यात फक्त वेळ असती तर हा निकाल लावताच आला नसता. म्हणून चाचणीच्या तक्त्यात वेळ कधी नोंदली, हा रकाना वाढवावा लागतो.

शेऱ्याचा रकाना रिकामा सोडायचा मोह होतो. तो सोडू नका. टायर बदलायला गाडी थांबली की त्या फेरीला जास्त वेळ लागतो. समजा तीन फेऱ्या ९० सेकंदांच्या आणि चौथी, थांबलेली, ११० सेकंदांची. सरासरी निघते ९५. पण ती गाडी ९५ सेकंदांत एकदाही फिरलेली नाही! अपघातानंतर सगळ्या गाड्या सेफ्टी कारच्या मागे हळू चालतात, त्या फेऱ्यांचंही तसंच. अशा फेऱ्यांपुढे शेऱ्यात 'थांबली' किंवा 'सेफ्टी कार' लिहा. मग शीटच्या पिव्होट टेबलमध्ये त्या ओळी बाजूला ठेवून प्रत्येक टायरची सरासरी काढा. ओळ पुसायची नाही, फक्त त्या सरासरीत धरायची नाही.

सरासरीवरून शीटमध्येच चार्ट करा. मग गुगल साइट्समध्ये नवं पान उघडा, इन्सर्टमध्ये जाऊन चार्ट निवडा आणि प्रश्नाच्या खाली बसवा. इथे एक गंमत आहे. आपल्याला उंच खांब म्हणजे चांगलं असं वाटतं. शर्यतीत उलट, उंच खांब म्हणजे जास्त वेळ, म्हणजे गाडी मंद. म्हणून चार्टखाली साध्या मराठीत एक ओळ लिहा: 'खांब जितका ठेंगणा, तितकी गाडी वेगवान.' आकडे कुठून घेतले आणि कोणत्या फेऱ्या वगळल्या, तेही लिहा. संघांची चिन्हं आणि दुसऱ्यांचे फोटो परवानगीशिवाय लावू नका. शेवटी पान मोबाइलवर कसं दिसतं ते तपासा, कारण बघणारे बहुतेक मोबाइलवरच बघणार. मगच पब्लिशचं बटण दाबा.

मैत्रिणींनो, या सगळ्यात कॉम्प्युटर किती आणि वही किती, याचा विचार करा. साचे कोणालाही मिळतात. आकडे खरे ठेवणं, वगळलेलं सांगणं, वाचणारीला एका नजरेत कळेल असं मांडणं, ही आपली कमाई. ज्या मुलीला हे जमतं, तिला उद्या दुकानाचा, दूध डेअरीचा, गटाच्या पापडविक्रीचा तक्ताही असाच मांडता येईल. दिवाळीच्या आठवड्यात विक्री दुप्पट झाली, तर तिथेही शेऱ्यात 'दिवाळी' लिहावंच लागतं.

पुढच्या बैठकीत एवढंच करा. गटातल्या एखाद्या मुलीला बोलवा, एका शर्यतीच्या दहा फेऱ्या मिळून भरा, आणि एक प्रश्न ठरवा. उत्तर तक्त्यातून निघालं की पान बनवायला घ्या.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.