दुकानाच्या पाटीवरील दिवा
दिवेलागणीला डोंबिवली स्थानकाबाहेर माणसांचा लोंढा उतरतो, तेव्हा दुकानांच्या पाट्या उजळू लागतात. पाटीला जुन्या काळची शोभा आणावयाची असल्यास तिच्या वरच्या बाजूस हंसाच्या मानेप्रमाणे वाकलेली नळी बसवितात व नळीच्या टोकास पत्र्याची छत्री लावतात. छत्रीमुळे उजेड अक्षरांवर पडतो. वाटसरूंचे डोळे दिपत नाहीत. आत मात्र तारेचा जुना दिवा नसावा. त्याची बहुतेक वीज उष्णतेतच वाया जाते. ६० वॉटच्या अशा दिव्याचा उजेड सुमारे ८ ते ९ वॉटचा पिवळसर एलईडी दिवा देतो. ठाणे-कल्याणकडे पाऊस मुसळधार! म्हणून तारांचे सांधे पाणी न शिरणाऱ्या पेटीत असावेत आणि लोखंडी चौकटीला अर्थिंग केलेले असावे. पाटीची शोभा दुकानदाराची. परंतु त्याच्या हयगयीने विजेचा धक्का बसेल तो एखाद्या वाटसरूला.