चेन्नईच्या हवेतील खुराडे

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या त्वचेत घर्मग्रंथीच नसतात. शरीराचे उष्णतामान सुमारे ४१ अंश सेल्सिअस ठेवून जगणारा हा पक्षी हवा ३० अंशांच्या वर तापू लागली की चोच उघडून धापा टाकू लागतो. घशातील व फुप्फुसांतील ओलावा वाफ होऊन बाहेर पडतो आणि जाताना उष्णता घेऊन जातो. कोरड्या हवेत ही युक्ती चांगली साधते. ज्या हवेत आधीच भरपूर बाष्प आहे, तीत मात्र ओलावा सहजी उडत नाही. कोंबडी धापा टाकून थकते आणि तिची उष्णता तिच्याजवळच राहते. चेन्नईत उन्हाळ्यातील दुपार बहुधा अशीच असते. मे महिन्यात तेथील कमाल उष्णतामान सरासरीने ३७ अंशांच्या आसपास असते. ३१ मे २००३ रोजी तर ते ४५ अंशांवर गेले होते. रात्रीदेखील पारा २७-२८ अंशांच्या खाली क्वचितच उतरतो.

अशा शहरात परसात आठ-दहा कोंबड्या पाळू इच्छिणाऱ्या गृहस्थाच्या हाती पुष्कळदा खुराड्याचा जो आराखडा पडतो, तो थंड देशांतील असतो: चहूबाजूंनी फळ्या, एक लहानशी खिडकी, वर घट्ट बसणारे झाकण. हिमवर्षावाच्या प्रदेशातही या बंद पेटीविषयी शंका घेतली गेली होती. डॉ. प्रिन्स वुड्स या अमेरिकन वैद्याने १९१२ मध्ये, कोणत्याही हवामानात खुराड्याची पुढील बाजू उघडी असावी, असा पक्ष पुस्तकरूपाने मांडला. मग चेन्नईत या पेटीचे समर्थन कशाच्या आधारे करावयाचे? तामीळ खेड्यांतील जुनी रीत अधिक शहाणपणाची होती. तेथे कोंबड्या बांबूच्या विणीच्या घुमटाकार टोपलीखाली झाकून ठेवीत. तिला ‘पंजारम्’ म्हणतात; मराठी वाचकास पिंजऱ्याची आणि कोकणातील डालग्याची आठवण व्हावी. टोपलीच्या विणीतून वारा सर्व बाजूंनी वाहतो. तिचा दोष एवढाच, की ती पावसापासून व मुंगसापासून पुरते रक्षण करीत नाही.

बंद खुराड्यात काय घडते, हे थोड्या हिशेबाने कळण्याजोगे आहे. दोन किलो वजनाची कोंबडी सुमारे १० वॅट उष्णता सतत बाहेर टाकते. आठ कोंबड्या म्हणजे ८० वॅट. जणू जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा रात्रभर त्या पेटीत जळत ठेवला आहे. तिची विष्ठा दिवसाला साधारण १२० ग्रॅम भरते आणि तिच्यात तीन-चतुर्थांश पाणी असते. आठ कोंबड्यांच्या खुराड्यात अशा रीतीने रोज पाऊण लिटरच्या आसपास पाणी पडते; श्वासातील बाष्प निराळेच. हे पाणी वाऱ्याने उडून गेले नाही तर ते खालच्या तुसात मुरते, ओल्या तुसात जंतू विष्ठेतील यूरिक आम्लाचे विघटन करतात व अमोनिया वायू निर्माण होतो. हवेच्या दहा लक्ष भागांत अमोनियाचे २५ भाग झाले की डोळ्यांस व श्वासनलिकेस इजा होऊ लागते आणि मग इतर रोगांस वाट मोकळी होते. खुराड्याजवळ वाकल्याबरोबर मालकाच्या डोळ्यांस झोंबत असेल, तर तेथे रात्र काढणाऱ्या पक्ष्याची अवस्था निराळी सांगावयास नको.

आठ कोंबड्यांसाठी प्रत्येकी ४ चौरस फूट धरल्यास ३२ चौरस फूट जागा लागते. म्हणजे ८ फूट लांब व ४ फूट रुंद. याहून निम्म्या जागेतही कोंबड्या ठेवतात, परंतु उष्ण हवेत त्यांना एकमेकींपासून दूर होण्यास वाव हवा. रुंदी ४ फुटांची असल्यास दोन्ही बाजूंनी हात आतपर्यंत पोहोचतो व झाडलोट सोपी जाते. लांब भिंती ४ फूट उंच असाव्यात. त्यांपैकी तळचा एक फूट फळी व वरचे तीन फूट जाळी. दोन्ही बाजूंची जाळी मिळून ४८ चौरस फूट होते, म्हणजे जमिनीच्या दीडपट. आकडा जास्त वाटेल, पण चेन्नईसाठी तो तसा नाही. जाळी अर्ध्या इंचाची, जोडकाम केलेली घ्यावी; षट्कोनी पातळ जाळी कुत्रा ओढून फाडतो आणि घूस तर कोणत्याही फटीचा लाभ घेते. आढ्याखालीही फट ठेवावी, म्हणजे वर चढलेली तप्त हवा तेथून निसटते. दांडी प्रत्येक कोंबडीस ८ ते १० इंच मिळेल एवढी लांब असावी. थंड देशांतील पुस्तके दांडीवर वारा येऊ देऊ नका असे बजावतात. मे महिन्यातील चेन्नईत तो येईल अशीच योजना करावी.

खुराड्याचे तोंड कोणत्या दिशेस असावे, हा प्रश्न या शहरी अधिक नाजूक आहे. लांबी पूर्व-पश्चिम ठेवल्यास सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन फक्त आखूड भिंतींवर पडते. त्या भिंती भरीव असाव्यात. उघड्या बाजू मग दक्षिण व उत्तर अशा होतात. उन्हाळ्यात दुपारच्या सुमारास समुद्रावरून आग्नेयेचे खारे वारे सुटतात, ते दक्षिणेच्या जाळीतून आत शिरतात. वर्षाचा निम्म्याहून अधिक पाऊस मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्येकडून येतो. त्यासाठी उत्तरेची वळचण तीन फूट पुढे काढावी व गुंडाळता येणारा पडदा टांगावा. पडदा वरून नव्हे, खालून वर ओढला जावा, म्हणजे पूर्ण लावल्यावरही छपराखाली वीतभर फट उरते. पावसाच्या भीतीने सर्व बाजू ताडपत्रीने गुंडाळून ठेवण्याची चूक नेमकी याच महिन्यांत होते.

गोणपाट ओले करून टांगण्याचा उपाय सर्वांस ठाऊक आहे, पण त्याची वेळ फारशी कोणी पाहत नाही. मे महिन्यात सकाळी जमिनीवरून पश्चिमेचा कोरडा वारा वाहत असतो. तेव्हा ओले गोणपाट हवा खरोखरच गार करते. खारे वारे सुरू झाले की हवेतील बाष्प वाढते. मग तेच गोणपाट गार तर करीत नाहीच, उलट येणारा वारा अडविते. ते त्या क्षणी काढून ठेवावे. काही दिवशी खारे वारे उशिरा येतात. असे दिवस सर्वांत घातक. त्या दिवशी सावली आणि गार पाणी यांवरच भिस्त. एरवी पाव लिटर पाणी पिणारी कोंबडी उष्म्यात त्याच्या दुप्पट पिते.

छप्पर नारळाच्या विणलेल्या झावळ्यांचे उत्तम; पत्रा घालावयाचा झाल्यास त्यावर झावळ्या पसराव्यात वा पांढरा रंग द्यावा. १२ डिसेंबर २०१६ रोजी आलेल्या वरदा चक्रीवादळात शहरातील हजारो वृक्ष कोसळले; हे ध्यानात घेऊन छप्पर तारेने खांबांस बांधावे व खुराडे मोठ्या झाडाच्या फांदीखाली नेमके येऊ देऊ नये. गच्चीवर खुराडे ठेवण्याचा मोह अनेकांस होतो. दिवसभर तापलेली फरशी रात्री उष्णता परत देते, तेव्हा तो टाळलेला बरा.

तळाविषयी एकच नियम सर्व वस्त्यांना लागू पडत नाही. तिरुवान्मियूरसारख्या किनाऱ्यालगतच्या वाळूच्या भागात फूट-दीड फुटाचे जोते व त्यावर भाताच्या तुसाची चार-सहा इंचांची गादी पुरते. वेळचेरीसारख्या सखल भागात, किंवा डिसेंबर २०१५ मध्ये अडयार नदीचे पाणी ज्या घरांत शिरले त्यांच्या परसात, खुराडे खांबांवर उचलून पट्ट्यांचा तळ करणे इष्ट. त्यात वारा खालूनही येतो. विष्ठा मात्र रोज उचलावी लागते, नाही तर माश्यांवरून शेजाऱ्यांशी भांडण ठरलेले.

या शहरात १९०३ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि नंदनम येथील कुक्कुट संशोधन केंद्रात तयार झालेल्या कोंबड्या त्या वस्तीच्याच नावाने ओळखल्या जातात. चांगल्या जातीची पिल्ले व राणीखेत रोगावरील लस मिळविणे त्यामुळे अवघड नाही. गादीची परीक्षा मात्र घरच्यानेच करावयाची. मूठभर तूस दाबून पाहावे: मूठ उघडल्यावर ते विस्कळीत झाले तर गादी ठीक, गोळा तसाच राहिला तर ती ओली आहे. ओला भाग काढून नवे तूस घालावे, दर दोन-तीन दिवसांनी गादी उकरावी, पाण्याचे भांडे विटेवर ठेवावे. वर्षअखेरीस निघालेले जुने तूस खड्ड्यात कुजवून नारळाच्या आळ्यात घालता येते.