ओटीपोटातील अरुंद धमन्या : फुगा, जाळी की बायपास?

अँजिओप्लास्टी म्हटले की हृदयच आठवते. वस्तुतः ही पद्धत प्रथम पायासाठी वापरली गेली. १९६४ साली अमेरिकेतील पोर्टलंड येथे डॉ. चार्ल्स डॉटर यांनी, पाय कापून घेण्यास नकार देणाऱ्या ८२ वर्षांच्या वृद्धेच्या मांडीतील अरुंद धमनी नळीच्या साहाय्याने रुंद केली आणि तिचा पाय वाचला.

महाधमनी बेंबीच्या सुमारास दुभंगून तिच्या शाखा ओटीपोटातून पायांकडे जातात. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब व वाढलेले कोलेस्टेरॉल यांमुळे त्या आतून अरुंद होतात. चालताना नितंब, मांडी वा पोटरी दुखते, थांबल्यावर दुखणे शमते. घरची मंडळी त्यास वाताचा विकार समजतात आणि वर्ष-दोन वर्षे तेल चोळण्यात जातात, याचे आम्हांस फार वाईट वाटते. कारण पायाची नाडी बोटांनी तपासण्यास पैसे पडत नाहीत. घोट्याचा रक्तदाब दंडाच्या तुलनेत ०.९ पेक्षा कमी भरल्यास संशय बळावतो.

अशा प्रत्येकास शस्त्रक्रिया लागत नाही. तंबाखू सोडणे, औषधे व नियमित चालणे यांनी अनेकांचे भागते. मात्र रात्री विश्रांतीतही पाय ठणकणे किंवा जखम न भरणे हे पाय धोक्यात असल्याचे लक्षण होय. पाय अचानक थंड व पांढुरका पडून दुखू लागल्यास त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

अडथळा लहान असल्यास जांघेतून बारीक नळी घालून फुग्याने धमनी रुंद करतात व बहुधा धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, बसवितात. जागा तेवढीच बधिर करावी लागते. क्ष-किरण तपासणीतील औषधाचा मूत्रपिंडावर भार पडतो, म्हणून आधी क्रिएटिनिन पाहतात. अडथळा लांब व दोन्ही बाजूंस असल्यास पोट उघडून महाधमनीपासून दोन्ही जांघांपर्यंत कृत्रिम नळी जोडतात. ही बायपास अधिक टिकते, परंतु हृदय अशक्त असल्यास ती झेपत नाही. एकच बाजू बंद असलेल्या दुर्बल रुग्णास एका जांघेतून दुसऱ्या जांघेत त्वचेखालून नळी नेता येते. ‘मोठे ऑपरेशन म्हणजे पक्का इलाज’ हा नातेवाइकांचा समज सरसकट खरा नाही.

फुगा व जाळी प्रत्येक रुग्णासाठी नव्याने घ्यावी लागते, खर्च तेथेच वाढतो. २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वर्ग करावी लागते. तो निधी पुरत नाही तेथे देणगीदारांचा हात लागतो. जाळी बसविल्यावरही विडी चालू राहिली तर धमनी पुन्हा बंद होऊ शकते. म्हणून घरी सोडताना आम्ही रुग्णाइतकेच त्याच्या पत्नीस व मुलांस बसवून बोलतो.