पावतीपुस्तक ते क्यूआर: छोट्या संस्थांच्या डिजिटल वाटा

१९९९ साली न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या ग्रामीण जिल्ह्यातल्या वाचनालय न्यासापुढे एक पेच उभा राहिला. पुस्तकांच्या देवघेवीसाठी वापरात असलेली जुनी संगणक प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हती. बाजारातल्या नव्या प्रणाली महाग होत्या आणि शाखा एकमेकींना जोडण्याचा खर्चही झेपणारा नव्हता. न्यासाने कॅटिपो या छोट्या कंपनीला हाताशी धरले, ब्राउझर आणि साधी इंटरनेट जोडणी यांवर चालेल अशी प्रणाली लिहून घेतली आणि जानेवारी २०००मध्ये ती कामाला लावली. मग ती कुलूपबंद न ठेवता मुक्त परवान्याखाली सर्वांना देऊन टाकली. तीच ‘कोहा’. आज ती जगभरातल्या हजारो ग्रंथालयांत चालते; आपल्याकडच्या कितीतरी महाविद्यालयांचे ग्रंथपालही रोज तीच उघडतात.

या न्यासाकडे पैसा बेताचाच होता. पण आपले काम नेमके कसे चालते, पुस्तक कुठून कुठे जाते आणि कोणती नोंद कोणाला लागते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. महाराष्ट्रातल्या छोट्या संस्थांच्या संगणकीकरणाचा विचार मी याच जागेवरून करतो. साधने आज स्वस्त आहेत, बरीचशी फुकटही आहेत. अडते ते नोंदींपाशी.

आपल्याकडच्या सार्वजनिक वाचनालयांचेच पाहा. १९६७च्या ग्रंथालय कायद्यानंतर गावोगावी मान्यताप्राप्त वाचनालये उभी राहिली. त्यातल्या तालुक्याच्या वा गावाच्या वाचनालयात दाखल नोंदवही असते, देवघेवीचे रजिस्टर असते, वर्गणीदारांची वही असते. कोणते पुस्तक कुठल्या कपाटात आहे हे मात्र बहुधा एकाच माणसाच्या डोक्यात असते. तो ग्रंथपाल निवृत्त झाला की निम्मे वाचनालय त्याच्याबरोबर घरी जाते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केलेली ‘ई-ग्रंथालय’ ही प्रणाली आहे, कोहा आहे. दोन्हींच्या परवान्याला पैसे पडत नाहीत. एवढ्यालाही हात घालायचा नसेल, तर पुस्तकांची यादी गूगल शीटमध्ये उतरवली तरी सभासद घरबसल्या पुस्तक शोधू शकतो. वीस हजार पुस्तकांची यादी चढवणे हे कष्टाचे काम आहे खरे. पण सुट्टीत महाविद्यालयातली पाच मुले बसली की ते हलते.

इथे मराठी संस्थांची एक खास अडचण येते. आपल्या जुन्या संगणकांत अहवाल आहेत, सभासद याद्या आहेत, सुवर्णमहोत्सवी स्मरणिकाही आहेत. पण त्या श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांत टंकलेल्या आहेत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मराठीच्या जागी निरर्थक अक्षरे दिसतात आणि त्या मजकुरात एकही नाव शोधता येत नाही. युनिकोडमध्ये रूपांतर करून देणारी साधने आहेत. त्यांतून जोडाक्षरे आणि रफार अधूनमधून बिघडतात, म्हणून नंतर डोळ्यांखालून घालावे लागते. तरीही प्रत्येक संस्थेने हे काम पहिल्या वर्षीच हाती घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. तीस वर्षांचे काम शोधता येऊ लागले की अनुदानाचा अर्ज लिहिताना आकडे आठवत बसावे लागत नाहीत. नव्या मजकुरासाठी तर फोनवर मराठी बोलून टंकता येते. टंकलेखक परवडत नसलेल्या संस्थेतल्या ताईंना आणि सरांना बैठकीचे इतिवृत्त आता बोलून लिहिता येते.

आता पैशाकडे वळू. यूपीआय २०१६मध्ये आले आणि छोट्या देणगीचा व्यवहार खऱ्या अर्थाने शक्य झाला. शंभर रुपयांचा धनादेश कोणी लिहीत नाही. शंभर रुपये फोनवरून मात्र सहज पाठवले जातात. पण संस्था क्यूआरचा फलक लावून मोकळ्या होतात आणि मार्च उलटल्यावर अडकतात. २०२१-२२पासून ८०जी सवलतीसाठी प्रत्येक देणगीदाराचे विवरण, म्हणजे दहा-बीडी, आयकर खात्याकडे भरावे लागू लागले. त्यात देणगीदाराचे नाव, पत्ता, पॅनसारखा ओळख क्रमांक, रक्कम आणि देणगीचा प्रकार लागतो. बँकेच्या उताऱ्यात मात्र एखादे अर्धवट नाव आणि एक लांबलचक क्रमांक एवढेच असते. त्या पाचशे रुपयांचा धनी कोण, याचा शोध खजिनदार मे महिनाभर घेत बसतो. उपाय अगदी साधा आहे: क्यूआरच्या शेजारी एका गूगल फॉर्मचा दुवा. नाव, पत्ता, पॅन, व्यवहार क्रमांक. चार रकाने भरले की यादी आपोआप तयार होते आणि पावती ईमेलने पाठवता येते. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ही सवलत मिळत नाही, हेही त्याच फॉर्मवर लिहून ठेवावे.

शिवाय नव्या करप्रणालीत ८०जीची वजावटच नाही. करबचतीसाठी मार्चअखेरीस आठवण होणारा देणगीदार त्यामुळे कमी होत जाणार. उरेल तो कामावर विश्वास ठेवून देणारा, आणि त्याला कामाची खबर हवी असते. मराठी माणूस देत नाही, हे म्हणणे मला कधीच पटलेले नाही. ‘लोकसत्ता’ गणेशोत्सवात ‘सर्वकार्येषु सर्वदा’मधून संस्थांची ओळख करून देतो आणि वाचक धनादेश पाठवतात, पुण्यात पितृपक्षात भरणाऱ्या ‘देणे समाजाचे’ या प्रदर्शनात लोक संस्थांच्या टेबलापाशी थांबून विचारपूस करतात. त्या क्षणी आस्था जागी असते. पुढे वर्षभर त्या माणसाला संस्थेकडून एक ओळही जात नाही, कारण त्याचा पत्ता पावतीपुस्तकाच्या स्थळप्रतीत राहिलेला असतो. देणगीदारांची एक नीट यादी आणि दर तीन महिन्यांनी एक पानभर पत्र, एवढ्यानेही संस्था वाढते. यासाठी महागडी प्रणाली लागत नाही. यादी काही हजारांवर गेली, तर २००५पासून खास सेवाभावी संस्थांसाठी विकसित होत आलेली ‘सिव्हीसीआरएम’ ही मुक्त प्रणाली आहे.

ते पत्र बहुतेक ठिकाणी व्हॉट्सॲपवरूनच जाईल. मात्र गटापेक्षा ब्रॉडकास्ट यादी बरी. गटात सुप्रभाताचे संदेश येतात, वाद होतात आणि सगळ्यांचे क्रमांक सगळ्यांना दिसतात. ब्रॉडकास्टमध्ये एका यादीत २५६ जण घेता येतात, पण ज्यांनी संस्थेचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच संदेश पोहोचतो. म्हणून देणगी घेतानाच ‘आमचा क्रमांक जतन करा’ असे सांगावे. हजारो मुलांपर्यंत किंवा पालकांपर्यंत रोज पोहोचायचे असेल तर ‘ग्लिफिक’सारखी भारतातच तयार झालेली मुक्त प्रणाली आहे. ती चालवण्याचा खर्च महिन्याला येतो, त्यामुळे गरज नीट पारखूनच तिच्याकडे वळावे.

क्षेत्रकामासाठी ओडीके आणि कोबोटूलबॉक्स ही दोन नावे कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावीत. पहिले वॉशिंग्टन विद्यापीठात जन्मले, दुसरे त्याच पायावर हार्वर्डच्या मानवतावादी उपक्रमातून उभे राहिले. दोन्ही साध्या अँड्रॉइड फोनवर चालतात आणि रेंज नसतानाही फॉर्म भरता येतो. पाड्यावरून रस्त्याला लागले, रेंज आली की माहिती आपोआप रवाना होते. मेळघाटात किंवा धडगावात काम करणाऱ्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. कुपोषित मुलाच्या दंडाचा घेर दर महिन्याला मोजला आणि तो त्याच मुलाच्या नावापुढे चढत गेला, तर कोणते मूल घसरते आहे हे वेळेत कळते. कागदावरची तीच मापे वर्षाअखेरीस बेरजेसाठी उपयोगी पडतात, त्या मुलासाठी नाही. माझा एकच आग्रह: फॉर्ममध्ये सात-आठ प्रश्न असावेत. फोनवर विचारणे सोपे झाले म्हणून सत्तर प्रश्न घालणाऱ्या संस्था कार्यकर्त्याचा दिवस आणि त्या घरातल्या बाईची मजुरी दोन्ही खातात.

मोठ्या कंपन्यांच्या फुकट देणग्याही आहेत. गूगल नोंदणीकृत सेवाभावी संस्थांना ईमेल आणि कार्यालयीन साधने विनामूल्य देते, कॅनव्हा ही कंपनीही आपले साधन तसेच देते. गूगलकडून महिन्याला दहा हजार डॉलरपर्यंतच्या शोध-जाहिराती मिळतात. समुपदेशनाच्या हेल्पलाइनला त्यांचा उपयोग आहे, कारण त्रासात असलेला माणूस शोधतो. खेड्यातल्या बालवाडीला तो फारसा नाही. अशा देणग्या घ्याव्यात, पण त्यांच्यावर विसंबू नये. मायक्रोसॉफ्टने संस्थांना पूर्वी फुकट दिलेले काही परवाने २०२५मध्ये बंद केले आणि जगभरच्या छोट्या कार्यालयांना नव्याने जुळवाजुळव करावी लागली. म्हणून माहितीची एक प्रत दर महिन्याला उतरवून स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवावी. खाते संस्थेच्या नावाने असावे, उत्साही कार्यकर्त्याच्या खासगी जीमेलवर नको. तो नोकरी लागून बंगळुरूला गेला की संकेतस्थळाचा पासवर्डही जातो.

आणि माणसांची माहिती जपण्याचे काय? बालगृहातल्या मुलांची ओळख उघड करायला बालन्याय कायद्याच्या ७४व्या कलमाने बंदी आहे. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती गरजेची ठरवली आहे. तरीही वाढदिवसाला जेवण देणाऱ्या पाहुण्यांबरोबर मुलांचे फोटो फेसबुकवर येतच राहतात. हे थांबले पाहिजे. कायदा नसता तरी थांबले पाहिजे होते, कारण त्या मुलीला उद्या मोठे होऊन त्याच गावात जगायचे आहे.

या सगळ्याला सॉफ्टवेअरचा खर्च थोडा येतो आणि माणसाचा जास्त. यादी चढवणारे, फॉर्म तपासणारे, पावत्या पाठवणारे कोणीतरी रोज बसावे लागते. त्याच्या पगाराला देणगी मिळत नाही. देणगीदार ‘माझा पैसा थेट मुलांवर खर्च व्हावा’ म्हणतात, कंपन्यांचा सामाजिक निधी प्रकल्पापुरता असतो, आणि परदेशी निधीतून प्रशासनावर करायच्या खर्चाची मर्यादा २०२०मध्ये पन्नास टक्क्यांवरून वीसवर आणली गेली. कार्यालयाचा खर्च म्हणजे उधळपट्टी, ही समजूत आपल्याकडच्या छोट्या संस्थांना सगळ्यात जास्त मारते. संगणक भेट द्यायला दहा जण पुढे येतात; त्या संगणकावर बसणाऱ्या मुलीचे मानधन द्यायला एकही येत नाही.

वाचकांना म्हणून एक विनंती आहे. यंदा तुमच्या गावातल्या किंवा ओळखीच्या एखाद्या संस्थेला देणगी द्याल, तेव्हा ती कार्यालयीन खर्चासाठी वापरायची मुभा पत्रात स्पष्ट लिहून द्या. ज्यांना संगणक हाताळता येतो त्यांनी दोन-चार रविवार तिथे जाऊन बसा आणि देणगीदारांची यादी उतरवून द्या.