बाजूला सरणारे सूर

परवा नातवाने स्वतः रचलेला संगणकावरचा खेळ दाखवायला मला बसवले. खेळ अजून व्हायचा होता. तयार होता तो फक्त दर्शनी भाग, ज्याला ही मुले ‘मेनू’ म्हणतात. पडद्यावर तीन ओळी : सुरुवात, आवाज, बाहेर. मागे संगीत चालू. बाण एका ओळीवरून दुसरीवर गेला की ‘टिक’ वाजते, असे तो म्हणाला.

“छान वाजतं,” मी मान डोलावली.

खरे म्हणजे मला काहीच ऐकू आले नव्हते. कानात यंत्र आल्यापासून अशी मान डोलावण्याची मला सवय लागली आहे. पोराने ओळखले. त्याने आवाज वाढवला, तर संगीतही वाढले आणि टिक पुन्हा बुडालीच.

मग त्याने मला यातली मेख समजावली. पार्श्वसंगीत एकदा सुरू करायचे आणि फिरून फिरून वाजू द्यायचे. मेनूचे पान बदलले म्हणून ते पहिल्यापासून सुरू होता कामा नये; श्रोता आत आला की दरवेळी नांदीपासून सुरू करणारा पेटीवाला कोण सहन करील? टिकेचे उलट आहे. ती इवलीशी, पण आधीच स्मृतीत भरून ठेवावी लागते, कारण बोट दाबल्यावर तिला किंचित उशीर झाला तरी हाताला आणि कानाला ते खटकते.

मी विचारले, “पण दोघं एकदम बोलू लागले तर माघार कोणी घ्यायची?”

या प्रश्नाचे उत्तर जुन्या यंत्रांनी गरिबीतून दिले होते. निन्टेन्डोचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ १९८५ साली आला. संगीत कोजी कोन्दो यांचे. त्या यंत्रात आवाजाच्या वाटा अवघ्या पाच. मारिओने उडी मारली की तिचा आवाज संगीताकडून एक वाट उसनी घेई आणि तेवढ्यापुरता तो सूर गप्प राही. आमच्या बँकेत पेन्शनर दारात दिसला की काउंटरवरचा एक जण लेजर मिटून त्याच्याकडे वळे, तसेच हे. १९८९ च्या ‘गेम बॉय’वर तर वाटा चारच होत्या. त्यावरच्या ‘टेट्रिस’चा मेनू तीन चालींपैकी कोणती हवी ते विचारी, आणि संगीत नकोच असेल तर तीही सोय होती.

आजच्या संगणकावर कितीतरी आवाज एकाच वेळी वाजू शकतात. कोणालाच सरकावे लागत नाही, म्हणून कोणी सरकत नाही. पूर्वी जे यंत्राच्या नाइलाजाने होई, ते आता रचणाऱ्याला मुद्दाम लिहावे लागते.

नातवाने ते लिहिले. संगीत आणि टिक यांना वेगवेगळ्या पट्ट्या दिल्या. टिक वाजताना संगीत क्षणभर खाली उतरेल असे केले. आणि माझ्या कानाला जुळलेले प्रमाण जतन करून ठेवले, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा सांगायला नको.

“आता बघा, आबा.”

मी बाण खाली सरकवला. टिक! पुन्हा वर. टिक! या वेळी मान डोलावली ती खरी. तसाच बाण वरखाली करत बसलो, आणि खेळ सुरू करायचे राहूनच गेले.