पुढचा तवा फेकतो, मागचा परत आणतो

मही आणि नर्मदा यांच्या मधल्या पट्ट्याला कानम म्हणतात. वडोदरा जिल्ह्यातले पादरा, करजण, डभोई हे तालुके याच पट्ट्यातले. जमीन काळी, भारी, कापसाची. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि दमदार पाऊस झाला की ती फुगून सगळ्या भेगा मिटवते. याच मुलखात १८६२ साली, खंडेराव गायकवाडांच्या कारकिर्दीत, डभोई ते मियागाम अशी अरुंद रुळांची गाडी सुरू झाली आणि सुरुवातीला ती बैल ओढत. रुळावर चाक फिरते, म्हणून बैलांना आगगाडीचे डबेही ओढता आले. शेतात मात्र वखराची पास मातीतून घासत जाते आणि काळ्या मातीत तेच बैल काही बोटांच्या खोलीवर दमतात.

तव्यांच्या कुळवाची, म्हणजे डिस्क हॅरोची, सगळी किमया इथे आहे. त्याने पात्यालाच चाक केले. पोलादाचा खोलगट तवा चौकोनी दांड्यावर बसतो आणि जमिनीवरून गडगडत जातो. इंजिनाची ताकद तव्यांना थेट मिळत नाही, ट्रॅक्टर फक्त ओढतो. दांडा ओढीच्या दिशेला काटकोनात असेल, तर तवे नुसते लोळतात आणि जमिनीवर रेघा उमटतात. तोच दांडा साधारण १५ ते २५ अंश तिरका केला, की तवा लोळता लोळता माती कापतो, उचलतो आणि एका बाजूला फेकतो. कापणे, पलटणे, ढेकूळ फोडणे ही तिन्ही कामे केवळ एका कोनातून निघतात. इतक्या कमी भागांतून एवढे काम करून घेणारे औजार शेतीत क्वचितच सापडेल.

पण माती एका बाजूला फेकली तर शेत सपाट कसे राहणार? म्हणून तव्यांच्या रांगा पुढेमागे असतात. ऑफसेट कुळवात पुढची रांग माती एका बाजूला टाकते, मागची ती परत आणते. टँडम कुळवात पुढच्या दोन रांगा माती मधून बाहेर लोटतात, मागच्या दोन ती आत ओढतात. सपाट रान हे या दोन विरुद्ध फेकींची बरोबरी झाल्याचे चिन्ह असते. ती बरोबरी जुळवणे हेच कुळव लावण्याचे कसब.

मागची रांग किती मोलाची आहे, ते साध्या भूमितीने दिसते. तवा ५६ सेंटिमीटर व्यासाचा, खोली १२ सेंटिमीटर, कोन २० अंश आणि दांड्यावर दोन तव्यांतले अंतर २२ सेंटिमीटर धरा. एक तवा जमिनीच्या पृष्ठभागावर साधारण १६ सेंटिमीटर रुंदीची चरी कापतो. म्हणजे शेजारच्या दोन चऱ्यांमध्ये सुमारे ५ सेंटिमीटरची पट्टी न कापलेली उरते. कोन १५ अंशांवर आणला, तर चरी १२ सेंटिमीटरची होते आणि पट्टी ९ सेंटिमीटरची. २० अंशांच्या जुळणीत मागचा तवा पट्टीच्या बरोबर मधून गेला, तर तळाशी उरलेला वरंबा जेमतेम चार-पाच सेंटिमीटर उंचीचा राहतो. तोच तवा पुढच्याच चरीतून धावला, तर ती पट्टी जवळजवळ तशीच राहते आणि वरून भुसभुशीत माती पसरल्याने कोणाच्या लक्षातही येत नाही. पट्टी थोडीफार ढासळते हे खरे, पण भरवसा ढासळण्यावर ठेवण्यापेक्षा मागची रांग बोल्ट सैल करून आडवी सरकवलेली बरी.

जुळणीची सुरुवात शेतात नव्हे, सिमेंटच्या खळ्यावर किंवा टणक अंगणात करावी. आधी ट्रॅक्टरच्या मागच्या दोन्ही टायरांची हवा सारखी करायची. एका टायरात हवा कमी असेल तर कुळव त्या बाजूला कलतो आणि माणूस उगीच कुळवाला दोष देत बसतो. मग कुळव खाली टेकवून सगळे तवे जमिनीला लागतात का ते पाहायचे. ५६ सेंटिमीटरचा तवा झिजून ५२चा झाला असेल, तर तो शेजाऱ्यांपेक्षा २ सेंटिमीटर वरून चालणार. दांडा एकच असल्याने त्याला खाली जाता येत नाही. म्हणून एकाच रांगेत नवा-जुना तवा मिसळू नये. दांड्याचा नट सैल असेल तर तवे डगमगतात. चिकट मातीसाठी असलेल्या खरवडण्या तव्याला न घासता अगदी जवळ असाव्यात, नाहीतर ओलसर काळी माती तव्याची खोलगट बाजू भरून टाकते आणि तवा कापायचे सोडून दाबत जातो.

आता कुळव ट्रॅक्टरला धरणाऱ्या तीन जोडण्या. हॅरी फर्ग्युसन यांनी १९२६ साली पेटंट घेतलेली ही त्रिबिंदू जोडणी आज जवळपास प्रत्येक ट्रॅक्टरवर आहे. वरची टॉप लिंक आखूड केली की कुळव पुढे झुकतो आणि पुढचे तवे खोल जातात. लांब केली की मागचे. उजव्या उचल-दांड्याची मूठ फिरवली की डावी-उजवी बाजू समपातळीत येते. वडोदऱ्याला या यंत्रांची सवय जुनी आहे. सयाजीराव गायकवाडांनी १८९० साली इथे कलाभवन काढून तांत्रिक शिक्षणाचा पाया घातला. पुढे १९६०च्या दशकात विश्वामित्रीच्या कारखान्यात झेटर या चेक ट्रॅक्टर कंपनीच्या सहकार्याने हिंदुस्तान ट्रॅक्टर बनू लागले. तो कारखाना नंतर गुजरात सरकारकडे आणि १९९९ साली महिंद्राकडे गेला.

शेतात गेल्यावर कामाच्या वेगाने पंचवीस-तीस मीटर चालवून थांबावे आणि मागे जाऊन आडव्या रेषेत हाताने सैल माती बाजूला सारावी. टणक तळ बोटांना लागेपर्यंत सारत जायचे, मग मोजपट्टी लावायची. टँडमच्या मधोमध सरी आणि दोन्ही कडांना वरंबे दिसले, तर पुढच्या रांगा जास्त खोल चालल्या आहेत. मधे वरंबा उठला, तर मागच्या. ऑफसेटमध्ये पुढची रांग ज्या बाजूला फेकते तिथे ढीग आणि दुसऱ्या कडेला सरी दिसली, की पुढचीच रांग जोर करते आहे. उपाय टॉप लिंकचे एक-दोन वेढे किंवा कोन थोडा कमी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाने काय झाले ते कळत नाही. वेगालाही विसरू नये, कारण वेग वाढला की माती लांब फेकली जाते आणि हळू चालवून साधलेली बरोबरी बिघडते.

आणि वाफसा! मुठीत दाबलेला गोळा कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटला पाहिजे. ओल्या काळ्या जमिनीत तवा माती लेपतो, वाळल्यावर त्याचे दगडासारखे ढेकूळ होते, आणि कुठलीही जुळणी ते सुधारत नाही. कोरड्या टणक रानात तवे खोल जात नसतील, तर चौकटीवर वजन ठेवता येते.

एवढी काटेकोर मेहनत का घ्यायची, याचे उत्तर श्रावणात मिळते. कानममधली काळी माती पाणी सावकाश सोडते. पाळीत राहिलेल्या सरीत पाणी साचते आणि तिथला कापूस, तूर पिवळी पडते. वरंब्यावरचे बी उथळ पडून उशिरा उगवते. नर्मदेच्या कालव्याचे पाणी देतानाही हेच उंच-सखल आडवे येते. म्हणून दुसरी पाळी पहिलीला तिरपी घालावी आणि वळताना तवे उचलावेत, नाहीतर बांधाकडेला खड्डे पडतात. वर्षानुवर्षे एकाच खोलीवर तवे चालवले तर त्यांच्या खाली घट्ट थर तयार होतो. तो फोडायला सबसॉयलरच लागतो, कुळव नव्हे.

कानमातून उत्तरेला सरकले की हलकी, वाळूमिश्रित गोराडू जमीन लागते. तिथे तवा सहज शिरतो, तेव्हा कोन कमी करावा लागतो. दोन्ही तऱ्हेच्या रानांत काम करणाऱ्याने चौकटीवर रंगाच्या दोन वेगळ्या खुणा करून ठेवाव्यात, एक काळीसाठी आणि एक गोराडूसाठी. प्रत्येक हंगामाच्या पहिल्या शेतात मात्र माती सारून खोली पुन्हा मोजावी, कारण मधल्या काळात तवे झिजलेले असतात.